फळीची वरची बाजू

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. दुपारी प्रयोगशाळेची पूजा केली. सकाळी प्राचार्यांना विचारायला गेलो तर म्हणाले, "नाथाजी, काय करायचं ते करा, फक्त गॅसच्या नळीजवळ उदबत्ती लावू नका." ही परवानगीच आहे असं मी धरून चाललो.

जूनपासून मी इथे, इस्लामपूरजवळच्या या कनिष्ठ महाविद्यालयात, प्रयोगशाळा परिचर आहे. त्याआधी फौजेत होतो, शेवटची बरीच वर्षं शस्त्रागारात. तिथे जुन्या लाकडी दस्त्याच्या रायफली होत्या. खंडेनवमीला एकेक दस्ता पुसून, जवसाचं तेल चोळून, हळदकुंकू लावून ओळीत मांडायचो. साहेब यायचे, बघायचे, काही बोलायचे नाहीत. काही न बोलणं हीच आमच्याकडची शाबासकी. इथे रायफली नाहीत, भिंगं आणि तराजू आहेत. पण ज्यावर आपलं पोट चालतं ते आपलं हत्यार, एवढं मला कळतं.

काचेच्या वस्तूंना नुसतं फूल वाहिलं. लोखंडाला तेलाचं बोट लावलं. लाकडी सामानाचं मात्र मन लावून केलं. घर्षणाच्या प्रयोगाची लांब सागवानी फळी आणि तिच्यावरून घसरवायचा ठोकळा, दोन्हींना तेल पाजलं, हळदीचा हात फिरवला, वरून मऊ फडक्याने मेण घासलं. फळी अशी उजळली की माझ्या मिशा तिच्यात दिसायला लागल्या. खालच्या बाजूला वेळ पुरला नाही. ती कुणाला दिसते म्हणा.

भौतिकशास्त्राच्या उत्कर्षा मॅडमना हे सगळं दाखवायचं होतं, पण त्या दसऱ्याला गावी गेल्यात, जतकडे. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी. तासावर नेमलेली, इस्लामपुरात खोली घेऊन एकटी राहते. वडील बिराप्पा अजून मेंढरं घेऊन हिंडतात. मला ती 'मामा' म्हणते. शाळा-कॉलेजात शिपायाला मामाच म्हणतात, पण मी हवालदार म्हणून निवृत्त झालोय. दोनदा सुचवून बघितलं. तिच्या डोक्यात शिरलं नाही, मीही आता सोडून दिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

एक गोष्ट कळली आणि जेवण गोड लागलं नाही.

मंगळवारी, १४ तारखेला संस्थेचे वीरधवल साहेब मॅडमच्या अकरावीच्या तासाला मागे बसणार आहेत. पाठ आवडला तर मॅडमना हे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतची नेमणूक. नाही आवडला तर लोणंदचा एक एमएस्सी झालेला मुलगा तयार आहे, जयराज नावाचा. मॅडमच्या घरच्यांनी शिरवळच्या एका कंपनीत माल तपासायची नोकरी बघून ठेवलीय. त्यांना तिचं हे तासावरचं शिकवणं आधीपासून पसंत नाही.

"विषय कुठला घेताय?" मी मॅडमना गावी फोन लावून विचारलं.

"घर्षण. घर्षण गुणांक काढून दावणार. सप्टेंबरात करून बघितला व्हता, पुस्तकातल्यावानी उत्तर आलं. सगळ्यांत सोपा प्रयोग हाय, मामा."

मी म्हणालो, "मग सामानाची फिकीर माझ्यावर सोडा."

६ ऑक्टोबर, सोमवार

कॉलेज सुरू झालं. मॅडमनी तालीम म्हणून प्रयोग लावला. मी मदतीला होतो म्हणून मलाही समजावून सांगितला. फळीवर ठोकळा ठेवायचा. फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. ठोकळा ज्या क्षणी घसरतो तिथे थांबायचं. टोक टेबलापासून किती वर आहे ते मोजायचं, त्याला खालच्या आडव्या अंतराने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे गुणांक. लाकडावर लाकूड असलं की पॉइंट चारच्या आसपास यायला हवा.

मी टोक जेमतेम उचललं आणि ठोकळा सुळकन खाली. उत्तर पॉइंट दोन.

मॅडमनी परत करायला लावलं. परत तेच. त्यांनी पट्टी तपासली, मग टेबल सरळ आहे का ते बघायला पाण्याची बाटली आडवी ठेवली. टेबल सरळ होतं.

मी म्हणालो, "मॅडम, ठोकळा हलका असंल. वर वजन ठेवू, जड झालं की दमानं बसंल."

त्या म्हणाल्या, "वजनाचा काय संबंध न्हाई, मामा. वजन दोन्हीकडनं कटून जातं."

हे मला अजिबात पटलं नाही. वर वजन ठेवून बघितलं. तेवढ्याच उंचीला घसरला. आणखी ठेवलं. तेवढ्यालाच. आता वजन असं कुठे जातं? माणूस जड झाला तर जड होतो. मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होतो आणि घर सोडून पुढे पाणंदीपर्यंत गेलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी लवकर गेलो. मला वाटतं फळीवर धूळ बसली असणार. धुळीचे कण गोल असतात, त्यावरून ठोकळा गडगडत जातो. म्हणून फळी आणि ठोकळा दोन्ही पुन्हा चकचकीत केले. थोडं मेणही लावलं.

उत्तर आणखी खाली आलं.

आता मात्र डोकं चालेना. एवढी स्वच्छ फळी आणि उत्तर घाण.

८ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमनी मुलांना फळ्यावर गणित घातलं. पाच किलोचा ठोकळा, आडवा ओढायला वीस न्यूटन जोर लागला तेव्हा हलला, तर गुणांक किती? मी मागे कपाट पुसत होतो, मीही मनात केलं. विसाला पाचने भागलं, चार आले. मॅडमचं उत्तर पॉइंट चार. टिंबाचाच फरक, म्हणजे मी जवळपास बरोबर होतो.

तास संपल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, पाच किलो म्हणजे पन्नास न्यूटन, पृथ्वी दहाने ओढते म्हणून. मग विसाला पन्नासने भागायचं. मी म्हणालो, परवा वजन कटून जात होतं, आज दहापट झालं, हे वजन आहे का पुढारी? मॅडम हसल्या, पण चेहरा ओढलेला होता. पोरांसमोर आज पुन्हा प्रयोग केला होता ना. सोनिया म्हणून एक आगाऊ मुलगी आहे पहिल्या बाकावर, ती सरळ म्हणाली, "मॅडम, पुस्तक खोटं हाय का आपला प्रयोग खोटा हाय?" सगळा वर्ग हसला.

मला फार राग आला. फौजेत असती तर पोरीला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मी दुसरं काय करणार? संध्याकाळी थांबून फळीवर अजून एक हात मारला. सामान तरी असं पाहिजे की कुणी नावं ठेवू नयेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मॅडम रडल्या. प्रयोगशाळेत खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत होत्या. मी कपाटामागे होतो, मुद्दाम ऐकलं नाही, पण आवाज येत होता.

"आप्पा, शिरवळला सांगून ठेवा. व्हय, मी येती. न्हाई वं, कोण काय बोललं न्हाई. मलाच येत न्हाई बगा. सगळ्यांत सोपा प्रयोग हाय, पोरंबी करत्यात, आन माझ्या हातानं हुईना."

मग बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" चाललं होतं.

फोन ठेवल्यावर मी पुढे आलो. म्हणालो, "मॅडम, एका आठवड्यात हार मानायची न्हाई. सगळं सामान मी तयार ठेवतोय की. तुमी फकस्त शिकवा."

त्या म्हणाल्या, "मामा, सूत्र मला पाठ हाय, पर ते खरं हाय का न्हाई ह्येच आता कळंना झालंय."

ही पोरगी रानात मेंढरांच्या मागे अभ्यास करून इथवर आली. तिच्या जागी लोणंदचा तो जयराज येणार, कोण कुठला. मी काय करू शकतो ते मला सुचत नव्हतं. शेवटी तेलाची बाटली काढली आणि फळी घासत बसलो. हात दुखेपर्यंत घासली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, कारण मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

मॅडमच्या चहाचे थेंब फळीवर सांडले. त्यांनी रुमालाने पुसले. मग त्या रुमालाकडे बघत राहिल्या. रुमाल पिवळा झाला होता. त्यांनी बोट फळीवरून फिरवलं, बोटाचा वास घेतला, पुन्हा फिरवलं.

"मामा, ही फळी कोण पुसतंय?"

"मीच की!" मी छाती काढून सांगितलं. "खंडेनवमीला पूजा केली. तवापास्नं रोज तेल आन मेण. एक दिस चुकला न्हाई."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं पुन्हा रडतायत, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरच्या फोनचा ताण असणार. आमच्या पलटणीतही एकाला बदलीचा हुकूम आल्यावर असंच झालं होतं.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आन खालच्या अंगाला?"

मी ओशाळलो. "ते राहूनच गेलं, मॅडम. आत्ता करतो."

"नको!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की व्हरांड्यातून जाणारी मुलं थांबली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नको मामा. मंगळवारपतोर फळीला कुणी हात लावायचा न्हाई. तुमीबी न्हाई."

मी हो म्हणालो. पण मन खट्टू झालं. एवढं केलं ते काही कमी पडलं का?

१२ ऑक्टोबर, रविवार

कॉलेजात हात लावायला बंदी, म्हणून घरचं काढलं. दिवाळी आठवड्यावर आलीय. घराच्या पुढच्या सोप्याची फरशी धुतली, वाळवली, उरलेलं मेण तिला लावलं आणि फडक्याने घासली. फरशी अशी झाली की वरचं पत्र्याचं छत खाली दिसू लागलं.

बायको दीपमाला दारात येऊन म्हणाली, "आवं, ही फरशी हाय का आरसा? आत्याबाईंनी चालायचं कुठनं?"

आईचा, म्हणजे मनुबाईंचा, पाय संध्याकाळी सटकलाच. दाराला धरलं म्हणून पडली नाही. मी तिच्या चपला तपासल्या. तळ पार झिजलेत. तिला म्हणालो, नव्या घे. आई म्हणाली, "घरात कोण चपला घालतंय रं, मी अनवाणी हुती." मग फरशीच हलक्या प्रतीची निघाली असणार. गवंड्याला विचारायला हवं.

दीपमालाने सोप्यात गोणपाट अंथरलं. दिसायला फार वाईट दिसतं. ती आत गेल्यावर मी काढून ठेवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमनी पिशवीतून एक नवा ठोकळा आणला. इस्लामपुरातल्या सुताराकडून घेतलाय म्हणे. रंधा मारलेला, पण नुसता कोराच, तेल नाही, पाणी नाही, साठा वहीत नोंद नाही. मी विचारलं, "आपला काय वाईट हाय?" म्हणाल्या, "तो बी लागणार हाय, मामा. दोन्ही लागणार हायेत."

आज त्या गाणं गुणगुणत होत्या. उद्या नोकरी जायची वेळ आणि ही पोरगी गुणगुणतेय. मला काही कळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाठ झाला. मी आत नव्हतो. वीरधवल साहेबांच्या चहाची व्यवस्था माझ्याकडे होती. दूध उतू जाऊ नये म्हणून मी स्टोव्हपाशी आणि जीव वर्गात, अशी अवस्था.

तास सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि वर्गात हशा पिकला. ठोकळा सुळकन घसरला असणार, दुसरं काय. वाटलं संपलं. चहात साखर टाकली की नाही हेही आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. मग मॅडमचा आवाज, मग मुलांचा गलका, आणि शेवटी टाळ्या. टाळ्या कशाच्या ते स्टोव्हपाशी कसं कळणार?

साहेब बाहेर आले. चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कप ठेवला आणि प्राचार्यांना म्हणाले, "पोरीला सोडू नका." एवढंच बोलून गाडीत बसले.

मी सोनियाला गाठलं. ती हात हलवत सांगायला लागली.

"मामा, लय भारी! पैल्यांदा ठोकळा असा घसरला की आमी हसलो. मॅडम म्हणल्या, हसा, आन आता सांगा चूक कुणाची? मी म्हणलं वजन वाढवा. वाढवलं तरी तसंच! मग त्यांनी फळी उलटी केली, नवा ठोकळा ठेवला, आन उत्तर आलं पॉइंट चार! मग म्हणल्या, सूत्र बी खरं, फळी बी खरी. गुणांक एकट्या वस्तूचा नसतोय, जोडीचा असतोय. कोण कुणाला टेकलंय त्यावर हाय."

"आन माझ्या बाजूबद्दल काय म्हणल्या?"

"म्हणल्या, ही वरची बाजू निगा राखलेली हाय. हिच्यावर कुणीतरी रोज मायेनं हात फिरवलाय. वीरधवल साहेबांनी सोता बोट फिरवून बघितलं."

निगा राखलेली. संस्थेच्या साहेबांसमोर. मी दिवसभर हवेत होतो. एवढ्या निगराणीनंतर उत्तर शेवटी आलंच की. पूजेला फळ मिळालं म्हणायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ही आनंदाची बातमी दीपमालाला सांगायला झपाझप घरात शिरलो. उंबरा ओलांडला आणि दोन्ही पाय एकदम पुढे गेले. सोप्याच्या मधोमध पाठीवर पडलो.

दीपमाला आणि आई धावत आल्या. लागलं नाही म्हटल्यावर दीपमाला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चार येळा सांगितलं, मेण लावू नगा, माणसं घसरत्यात. गोणपाट टाकलं तर तेबी काढलं. आता फरशी वाईट म्हणा, न्हाईतर चपला वाईट म्हणा!"

मी उठलो नाही. पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो. मेण लावलं, माणसं घसरतात. मेण. तेल. हळद. खंडेनवमी. पॉइंट दोन, मग आणखी खाली, मग "मलाच येत न्हाई बगा", मग मी पुन्हा घासली. त्या दिवशी हात दुखेपर्यंत घासली.

"आवं, उठा की. कुठं लागलंय का?" दीपमाला घाबरून म्हणाली.

"गप ऱ्हा जरा," मी म्हणालो. मला उठताच येत नव्हतं, आणि ते पाठीमुळे नव्हतं.

मॅडमना शुक्रवारीच कळलं होतं. पिवळा रुमाल हातात धरून तिला कळलं होतं की नोकरी घालवायला निघालेला माणूस समोर छाती काढून उभा आहे. एक शब्द बोलली नाही. आणि आज सगळ्यांसमोर म्हणाली, निगा राखलेली.

आईने गोणपाट आणून माझ्या पायाशी टाकलं. त्याला टेकून उठलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लंगडत गेलो. तेलाची बाटली आणि मेणाचा डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "मॅडम, कवा बोलणार हुता?"

त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कशाला बोलू, मामा? आमच्या बिरोबाच्या पायऱ्यांवर भंडारा सांडलेला असतोय. पाय घसरतोय, माणूस पडतंय. पर भंडाऱ्याला कोण शिव्या देत न्हाई."

"तुमची नोकरी गेली असती की वं."

"गेली असती," त्या म्हणाल्या. "पैल्या दिसापास्नं वाटत हुतं, ह्या कॉलेजात आपलं कोण न्हाई. मग शुक्रवारी कळलं, एक माणूस रोज माझ्या आदी येऊन माझ्या पाठाची तयारी करतंय. उत्तर खाली येत हुतं ती गोष्ट येगळी."

मी खिशातलं फडकं काढून टेबल पुसायला लागलो. मागे सोनिया उभी होती.

दुपारी नेमणुकीचा कागद आला, एप्रिलपर्यंतचा. मॅडमनी आधी आप्पांना फोन लावला, मग पेढा आणून माझ्या हातावर ठेवला. मी मेणाचा डबा कचऱ्यात टाकायला निघालो तर त्यांनी अडवलं.

"टाकायचा न्हाई. दर वर्षी हा पाठ असाच घेणार हाय मी. वरची बाजू तुमची, खालची माझी. नीट सांभाळायची दोन्ही."

वजन नक्की कुठे जातं ते मला अजून कळलेलं नाही. मॅडमनी आज पुन्हा कागदावर मांडून दाखवलं, तरी नाही. सोनिया म्हणते तिला कळलंय.

कॉलेज सुटल्यावर फळी टेबलावर घेतली. वरच्या बाजूला तेल लावलं, हळदीचा हात फिरवला, मेण घासलं. मग ती उलटी केली आणि खालच्या बाजूवरची धूळ नुसती फुंकली.